आजीचा रस्सा आणि नातीचा विवेकभाव

पत्राचा सारांश : पत्रलेखिका 27 वर्षांच्या असून नाशिक रोड परिसरात आईवडील व आजीसोबत राहतात. घराणे तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे आणि सगळे कुटुंब शहरातील एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीचे सभासद आहे. दीड वर्षापूर्वी महामार्गावरील सिग्नलला त्यांच्या दुचाकीशेजारी ब्रॉयलर कोंबड्यांच्या जाळ्यांनी खच्चून भरलेला टेम्पो येऊन थांबला. त्या दोन मिनिटांत जे पाहिले ते विसरता येत नाही, असे त्या लिहितात. त्यांनी आधी मांस, मग अंडी आणि या वर्षी दूधही सोडले. ईस्टरला आजीने केलेला कोंबडीचा रस्सा त्यांनी नाकारला, तेव्हा आजी म्हणाली, "माझ्या हातचं टाकलंस म्हणजे मलाच टाकलंस." पवित्र शास्त्राच्या अभ्यासवर्गात एका वडीलधाऱ्या सभासदांनी तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र उघडून, अन्न वर्ज्य करायला सांगणारी शिकवण खोट्या शिक्षकांची असते, असे सर्वांदेखत ऐकवले. कार्यालयातील एक मैत्रीण मात्र कौतुकाने म्हणाली, "बरं झालं, सुधारलीस." आता सुगीची उपकारस्तुती आणि त्यापाठोपाठ नाताळचे प्रीतिभोजन येत आहे व दोन्हींच्या तयारीत पत्रलेखिकेचे नाव आहे. त्या विचारतात : माझा विश्वास दुबळा आहे का? आजीच्या प्रेमापुढे कोंबडीच्या जिवाला महत्त्व देणे हे पाप आहे का? आणि या दोन प्रसंगी मी नेमके कसे वागावे?

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावात सलाम.

तुमच्या पत्रात तीन माणसांची तीन वाक्ये आहेत. त्यांपैकी आजीच्या आणि अभ्यासवर्गातील काकांच्या वाक्याने तुमची झोप उडाली आहे, आणि मैत्रिणीच्या वाक्याचा उल्लेख तुम्ही एका ओळीत करून पुढे गेला आहात. मी मात्र त्या तिसऱ्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले, कारण पहिल्या दोघांचे दुखणे त्याच वाक्यात आहे असे मला वाटते. "सुधारलीस" या शब्दाचा अर्थ असा होतो की आधी तुम्ही आणि तुमच्या घरचे बिघडलेले होतात. आपल्याकडे ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत फार जुनी आहे. आजही भाड्याने घर शोधताना "तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?" या प्रश्नाआडून वेगळेच काही विचारले जाते, हे तुम्हांला मी सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज त्या उतरंडीच्या तळाशी होते. प्रभूच्या मेजाभोवती सर्वांना एका पंक्तीला बसता येते, येथे कोणाच्या हातचे कोणाला विटाळत नाही, हा त्यांच्यासाठी सुवार्तेचा प्रत्यक्ष चाखता येणारा भाग होता.

म्हणून आजी जेव्हा "माझ्या हातचं टाकलंस" म्हणते, तेव्हा ती केवळ लाडाने रुसलेली नसते. "तुमच्या हातचे आम्हांला चालत नाही" हे वाक्य तिने, किंवा निदान तिच्या आईने, आयुष्यात कधीतरी परक्याच्या तोंडून ऐकलेले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आता ते तिच्या नातीच्या तोंडून आल्यासारखे तिला वाटते आहे. तुमच्या मनात तसे काही नाही हे मला मान्य आहे, परंतु तिच्या कानांवर काय पडले याचा विचार तुम्हांला करावा लागेल. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केल्याची हकिकत आहे. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि याकोबाकडून काही यहूदी मंडळी आल्यावर त्या परराष्ट्रीयांच्या पंक्तीतून उठला. त्याने काय खाल्ले किंवा काय खाल्ले नाही यावर पौलाचा राग नव्हता. तो पंक्तीतून उठला, यावर होता. मला तुम्हांला जे सांगायचे आहे त्याचे सार एवढेच आहे की मांस अवश्य सोडा, पंक्ती सोडू नका. मैत्रिणीलाही, भांडण न करता, एवढे जरूर सांगा की मी सुधारलेले नाही, माझ्या घरचे कधी बिघडलेले नव्हते, मी माझ्या श्रद्धेतील एका गोष्टीकडे अधिक लक्ष देऊ लागले आहे इतकेच. ती दूध पीत असेल तर त्या दुधाविषयी मी पुढे जे लिहिणार आहे तेही तिला वाचायला द्या.

आता काकांच्या आक्षेपाकडे येते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, लग्न करण्यास मनाई करणाऱ्या व काही पदार्थ वर्ज्य करण्याची आज्ञा देणाऱ्या लोकांविरुद्ध इशारा आहे, हे खरे आहे. मात्र तेथे दोष आज्ञा देणाऱ्यांचा सांगितला आहे. देवाने निर्माण केलेली वस्तू मुळातच अमंगळ आहे असे शिकवून ते ही बंदी इतरांवर लादत होते. तुम्ही अभ्यासवर्गात कोणाला मांस खाऊ नका असे सांगितले होते का? पत्रावरून तसे दिसत नाही. सांगितले असेल तर काकांचे म्हणणे काही अंशी तुम्हांला लागू पडते आणि ते तुम्ही मोकळेपणाने मान्य करावे. सांगितले नसेल, तर स्वखुशीने एखादे अन्न सोडणाऱ्याला हे वचन लागू होत नाही. तसे असते तर लग्न न करता सेवेला वाहून घेणाऱ्यांनाही ते लागू करावे लागले असते, आणि त्यांत स्वतः पौलही आला असता.

तुम्हांला खरी भीती रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाची वाटते, कारण तेथे दुबळा मनुष्य शाकभाजी खातो असे स्पष्ट लिहिले आहे. त्या काळच्या शहरांत मूर्तींपुढे वाहिलेल्या पशूंचे मांस बाजारात विक्रीला येत असे, आणि यहूदी चालीरीतींत वाढलेल्यांना खाण्यातील शुद्धाशुद्धतेची धास्ती होती. मांसाने आपण विटाळू या भीतीने जो ते सोडतो, त्याला पौल विश्वासाने दुबळा म्हणतो. तुम्हांला कोंबडीचा विटाळ वाटलेला नाही, तिची दया आली आहे, आणि दयेला पवित्र शास्त्रात कोठेही दुबळेपणा म्हटलेले नाही. त्याच अध्यायात पुढे खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असे दोन्ही बाजूंना बजावले आहे. पहिला अर्धा भाग काकांसाठी आहे. दुसरा तुमच्यासाठी आहे आणि तो पाळायला अधिक कठीण जाईल, असे तुमच्या पत्रातील काही तीव्र शब्दांवरून मला वाटते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. शाकाहार ही पवित्र शास्त्राची आज्ञा आहे, असे आपल्याला म्हणता येत नाही. पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, हे लूकने लिहून ठेवले आहे. दानीएलाने दहा दिवस शाकभाजी व पाण्यावर काढले, ते राजाच्या अन्नाने आपण विटाळू नये म्हणून, प्राण्यांच्या कळवळ्याने नव्हे. तेव्हा तो दाखला आपल्या बाजूने ओढू नका. परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला आणि पशुपक्ष्यांना अन्न म्हणून वनस्पतीच दिलेल्या आहेत. मांसाची परवानगी जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात येते, तीही रक्तासह मांस न खाण्याच्या अटीने, आणि त्याच अध्यायातील करार नोहाबरोबर प्रत्येक सजीव प्राण्याशी केलेला आहे. म्हणजे मांसाहार ही मुभा आहे. ती न वापरण्यास सबळ कारण असेल तर विश्वासणारा ती बाजूला ठेवू शकतो.

आता "सत्ता चालवा" या उत्पत्तीतील शब्दांचा प्रश्न. प्राण्यांचे हवे ते करावे, असा या शब्दांचा सोयीस्कर अर्थ पुष्कळदा लावला जातो. मूळ हिब्रू भाषेतील 'रादा' हे क्रियापद यहेज्केलाच्या 34व्या अध्यायात पुन्हा भेटते. तेथे कळपातील धष्टपुष्ट मेंढरे कापून खाणाऱ्या, लोकर पांघरणाऱ्या, परंतु आजारी मेंढराला पट्टी न बांधणाऱ्या मेंढपाळांनी कठोरपणे सत्ता चालवली, असे देव संतापाने म्हणतो. तो रोख इस्राएलाच्या पुढाऱ्यांवर आहे, पण त्यावरून सत्ता कशी असू नये हे आपल्याला कळते. नियमशास्त्रातही मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर सोडवण्यास मदत करावी, सातव्या दिवशी बैल व गाढव यांनाही विसावा मिळावा, घरट्यातील पिलांबरोबर आईला धरू नये, अशा बारीकसारीक आज्ञा आहेत. धार्मिक मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांचा बारावा अध्याय सांगतो. योनाच्या पुस्तकाचे तर शेवटचे शब्दच निनवेतील गुराढोरांविषयी आहेत, आणि त्यांच्या उल्लेखावर ते पुस्तक संपते, हे मला नेहमी हलवून टाकते.

हे सारे बाहेरून उसने आणलेले नाही, याची एक खूण तर नाशिकमध्येच आहे. शरणपूर रोडवरून तुम्ही रोज जात असाल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनरींनी वसवलेल्या त्या शरणपुरात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा आणि शिक्षण मिळाले. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा मृतदेह 1874 साली इंग्लंडपर्यंत पोहोचवणारा जेकब वेनराइट हा येथेच शिकलेला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडच्या संसदेत आयुष्यभर झगडलेले विल्यम विल्बरफोर्स हेच 1824 साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या पहिल्या मंडळींत होते, आणि ती सभा बोलावणारे आर्थर ब्रूम हे चर्चचे पाळक होते. माणसाचा जीव स्वस्त समजू नका म्हणणारे लोकच मुक्या जनावराविषयीही बोलू लागले. आपल्या पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, आणि त्यात जातीचा अभिमान उरला आहे अशी टीका त्यांना तेथील जवळच्या ख्रिस्ती भगिनींकडूनच ऐकावी लागली. म्हणजे तुमच्यापुढे आलेला हा पेच मराठी ख्रिस्ती स्त्रीला नवा नाही.

इतके तुमच्या बाजूने लिहिल्यावर काही प्रश्न तुम्हांलाही विचारते. दूध सोडल्यापासून आपले ताट "निर्दोष" झाले, असे तुम्ही लिहिता. दुधाविषयी तुम्ही जे ओळखले ते बरोबर आहे. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि दुधासाठी पाळलेल्या गोठ्यात जन्मलेल्या रेड्याला पोसणे मालकाला परवडत नाही, त्यामुळे दूध आणि कत्तल यांना वेगळे करता येत नाही. मांस न खाता दूधतूप खाणाऱ्याला मांस खाणाऱ्याकडे वरून पाहण्याचा अधिकार उरत नाही. पण द्राक्षांच्या घडावर किती फवारण्या होतात, हे निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही बागाईतदाराला विचारून पाहा. त्या औषधांनी किडी मरतात आणि फवारणाऱ्या मजुराच्या श्वासातही ती जातात. अंजनेरीच्या कड्यांवरील गिधाडांकडे पाहा. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशभरातील गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. 2006 साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तेथे कोणाच्या मनात क्रौर्य नव्हते. सृष्टी कण्हत आहे असे पौल रोमकरांस लिहितो, आणि त्या कण्हण्यात आपल्या प्रत्येकाच्या ताटाचा वाटा आहे, तुमच्या आणि माझ्याही. कमी इजा होणारे ताट वाढून घेता येते, निर्दोष ताट मात्र कोणाकडेच नाही. हे एकदा मनात मुरले की इतरांच्या ताटाकडे पाहण्याची तुमची नजर आपोआप मऊ होईल.

पर्यावरणाच्या आकडेवारीचेही तसेच आहे. मानवी व्यवहारांतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे 14.5 टक्के पशुपालनाच्या साखळीतून होते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 2013 सालचा अंदाज आहे, आणि सारे जग वनस्पतिजन्य आहाराकडे वळले तर शेतीखालील सुमारे तीन चतुर्थांश जमीन मोकळी होऊ शकेल, असे 2018 सालच्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. ही कारणे खरी आणि वजनदार आहेत. पण हे सगळ्या जगाचे हिशेब आहेत, आणि सुरगाणा-पेठच्या पाड्यावर दोन शेळ्या व पाच कोंबड्या पाळून, त्यांतील एखादी विकून मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या बाईला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तुमच्या मंडळीत अशा घरांतून आलेली माणसे असतील, तर त्यांच्यासमोर बोलताना हे लक्षात असू द्या.

यातूनच आजीशी बोलण्याची वाट निघते. तिला टेम्पोतील कोंबड्यांचे वर्णन ऐकवू नका. तुम्ही ते एकदा ऐकवले आहे आणि त्याचा परिणाम तुम्ही पाहिला आहे. तिला विचारा की तिच्या लहानपणी घरात कोंबडी कधी शिजायची. बहुतेक घरांतून उत्तर येते की नाताळला, ईस्टरला, नाही तर पाळकसाहेब घरी जेवायला येणार असतील तेव्हा. ती कोंबडी अंगणात वाढलेली असे, तिला संध्याकाळी खुराड्यात कोंडताना मोजत असत, आणि कापायच्या दिवशी घरातले एखादे पोर रडतही असे. आजची ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत बाजारात येते, तेवढ्या वेळात वजन वाढावे म्हणूनच तिची पैदास केलेली असते आणि माती तिच्या पायाला लागत नाही. आजीच्या आठवणीतील जेवण आणि तुम्ही नाकारलेले जेवण यांना नाव एकच आहे, वस्तू निराळी आहे. हे तुम्ही तिला पटवून देऊ नका, तिलाच सांगू द्या, आणि ऐकताना मध्ये बोलू नका.

आजीच्या रश्श्याची ओळख कोंबडीपेक्षा तिच्या काळ्या मसाल्यात, भाजलेल्या कांदा-खोबऱ्यात आणि पाट्यावरच्या वाटणात अधिक आहे, असे मी अनुभवाने म्हणते. मी स्वतः मांस पूर्ण सोडलेले नाही. नदीचे आणि समुद्राचे मासे अजून खाते आणि त्याबद्दलचा माझा विचार अजून चालू आहे. पण आमच्या घरी त्याच वाटणात सुरण, कच्चा फणस किंवा पाटवड्या पडतात, तेव्हा पातेले आधी तेच रिकामे होते. या नाताळात स्वयंपाकघरात वेगळे पातेले मांडून त्यात उकडलेल्या भाज्या करून घेऊ नका. त्याने अंतर आणखी वाढेल. आजीलाच म्हणा की तुझ्या हातच्या वाटणाचा रस्सा मला हवा आहे, कोंबडी घालण्याआधी त्यातला अर्धा बाजूला काढ आणि त्यात पाटवड्या सोड. करंज्या-शंकरपाळ्यांत तुपाऐवजी तेलाचे मोहन घालता येते, आणि तेवढे तिने केले तर तुम्ही तिच्या फराळाला हात लावू शकाल. इतर घरच्यांना कोंबडी वाढली जात असताना तुम्ही त्याच पंक्तीत बसा, तोंड वाकडे करू नका आणि प्रार्थना तुमच्याकडे आली तर ती सर्वांच्या जेवणासाठी म्हणा. आईवडिलांच्या ताटाविषयी चर्चा करायची असेल, तर ती जेवताना कधीच नको.

मंडळीतील कामाविषयी. सुगीच्या उपकारस्तुतीला धान्य, भाज्या, अंडी यांबरोबर कोणी जिवंत कोंबडा आणतो आणि त्याचा लिलाव होतो, हे तुम्हांला सहन होत नाही म्हणून समितीतून बाहेर पडावे असे तुम्ही म्हणता. कृपया बाहेर पडू नका. एखाद्या विधवेने वर्षभर जपलेला कोंबडा ही तिची पूर्ण मनाने दिलेली देणगी असते आणि तिचा अपमान होता कामा नये. मात्र तो पाय बांधून उलटा लटकवलेला न आणता टोपलीत आणावा, सावलीत ठेवावा, त्याच्यापुढे पाणी असावे, एवढे समितीत सांगण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. प्राण्यांना विनाकारण वेदना होतील अशा रीतीने त्यांची ने-आण करणे 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे, परंतु तेथे कायद्याऐवजी नीतिसूत्रांतील वचन वाचलेत तर अधिक ऐकले जाईल. तुम्ही स्वतः लिलाव पुकारण्याचे काम घेऊ नका, नागली, भात व खुरासणीच्या पोत्यांचा हिशेब घ्या. प्रीतिभोजनात मांसाचा पदार्थ रद्द करण्याची मागणीही या वर्षी करू नका. मटकीची उसळ, वांग्याचे भरीत, नागलीची भाकरी असे दोन-तीन पदार्थ सर्वांसाठी, उत्तम चवीचे आणि भरपूर करायची जबाबदारी मागून घ्या. वेगळ्या टेबलावर "शाकाहारी" अशी पाटी लावून ते मांडू नका. ती पाटी आपल्या लोकांना काय आठवण करून देते, ते वर लिहिलेच आहे. ताटल्या थर्माकोलच्या नसाव्यात, पत्रावळीच्या असाव्यात, यावर तर काकांचेही दुमत होणार नाही. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 पासून बंदीच आहे.

काकांशी वाद पुढे चालवण्यापेक्षा पाळकांना विचारून पाहा, की जगभरातील अनेक मंडळ्या 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर हा काळ सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात, तो पुढच्या वर्षी आपल्याकडे पाळता येईल का. त्यात एखाद्या रविवारी तरुण संघाला नांदूरमधमेश्वरला पक्षी पाहायला नेता येईल. 104वे स्तोत्र तेथे पाण्याकाठी वाचावे.

शेवटी तुमच्या प्रकृतीविषयी, कारण तुमच्या आईच्या काळजीला तुम्ही पत्रात फारच थोडी जागा दिली आहे आणि ती काळजी रास्त आहे. दूध आणि अंडीही सोडली की बी-12 हे जीवनसत्त्व आहारातून पुरेसे मिळत नाही. त्याची उणीव हळूहळू होते, हातापायांना मुंग्या येऊ लागेपर्यंत कळतही नाही, आणि प्रार्थनेने किंवा मोड आलेल्या कडधान्यांनी ती भरून निघत नाही. डॉक्टरांना भेटून रक्ततपासणी करून घ्या आणि ते सांगतील ती गोळी नियमित घ्या. कॅल्शियमसाठी नागली आणि तीळ, लोहासाठी हुलगे, मटकी व पालेभाज्या आणि त्यांवर लिंबू, हे सारे आपल्या जिल्ह्यात पिकते आणि बदामाच्या महागड्या दुधापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. तपासणीला जाताना आईला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिला विचारू द्या.

तुमची हितचिंतक